शुक्रवारचं इंग्लंड

आमच्या घरी शुक्रवारी इंग्लंड असायचं. शनिवार ते गुरुवार आम्ही मस्कतमध्येच राहायचो, रुवीत, एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत. इस्त्रीची वाफ खिडकीतून आत यायची आणि त्या दमटपणानं आईची कणीक भिजवल्या भिजवल्या सैल पडायची. खालून लाँड्रीवाल्याचा रेडिओ, मागच्या गल्लीत पाण्याच्या टँकरचा हॉर्न, डोक्यावर एसीची घरघर, आणि या सगळ्या गोंगाटात सकाळी हॉलच्या कोपऱ्यात मेणबत्ती लावून आईची बुद्धवंदना. ती आवाज चढवायची नाही, पण थांबायचीही नाही. लाँड्रीवाला मल्याळी होता. आईची वंदना सुरू झाली की तोच बिचारा रेडिओ बारीक करायचा. शुक्रवार उजाडला की मात्र बाबा दाढी करता करता न्हाणीघरातून ओरडायचे, "चला, आवरा! आज वाफेची आगगाडी आहे," नाहीतर "आज मोठी हवेली आहे, सगळ्यांनी बूट घाला, चालायचं पुष्कळ आहे." आई तव्यावरची पोळी उलटत विचारायची, "डबा किती वाजेपर्यंतचा करू?" जणू खरोखरच कुठली गाडी चुकणार होती.

बाबा एका ब्रिटिश सल्लागार कंपनीत ड्राफ्ट्समन होते. तेव्हा ओमानात जे काही नवं उभं राहत होतं, रस्ते, गटारं, पाण्याच्या टाक्या, त्यातलं बरंचसं आधी बाबांच्या टेबलावर शाईत उमटायचं. त्यांचे साहेब, हार्डिंग म्हणून होते, ते कायमचे मायदेशी निघाले तेव्हा सामान वाटून टाकताना त्यांनी बाबांना एक बुटाचं खोकं दिलं. आत इंग्लंडातल्या सहलीच्या जागांची रंगीत घडीपत्रकं होती, शंभर तरी असतील. खेड्यापाड्यांतल्या हवेल्या आणि त्यांच्या बागा, झुडपांचे भूलभुलैये, कालव्यातल्या होड्या, गुडघ्याएवढ्या घरांचं एक आख्खं चिमुकलं गाव, उदमांजरांचं तळं, आणि जवळपासच्या शहरांतली मोठाली चर्चेस. "साहेबांच्या आईनं जमवलीत," बाबा आम्हाला कौतुकानं म्हणाले, "सुटीत पोरांना घेऊन जायची म्हणे बाई." साहेबांचे केस पार पांढरे झाले होते. त्यांची आई त्यांना सहलीला नेत असे ती कधी, हा हिशेब आमच्यापैकी एकालाही सुचला नाही. सुचणार कसा? घरात इंग्लंड आलं होतं, तेही फुकट!

बाबांनी त्या पत्रकांची वही केली. ड्रॉइंगच्या जाड कागदाची, स्वतः शिवलेली. प्रत्येक पत्रक चिकटवण्याआधी ते स्टीलची पट्टी लावून ब्लेडनं त्याची खालची कड कापून टाकायचे. तिकिटाचे दर, उघडण्याच्या वेळा, असली सगळी बारीक छपाई तिथे असायची. "दर पाहिले की तुझी आई घाबरेल," ते मला डोळा मारून म्हणायचे, "आणि दर काय, बदलतच असतात. चित्र तेवढं खरं." त्यांचा हात इतका सरळ चालायचा की कापलेल्या पट्ट्या जमिनीवर रिबिनीसारख्या पडायच्या. त्यातल्या रंगीत होत्या त्या मी गोळा केल्या आणि पुस्तकांत खूण म्हणून ठेवल्या. पोरीसोरींना काय, चकचकीत दिसेल ते हवं असतं.

तर शुक्रवारी आम्ही निघायचो, किनाऱ्यावरच्या बरका गावाच्या दिशेनं. बरक्याच्या मासळीबाजाराजवळ दाऊदभाईंचं बर्फाचं आणि थंड पेयांचं दुकान होतं. ते रत्नागिरीकडचे, दाढी मेंदीनं लाल केलेली, गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांशी तीन भाषांत भांडणारे. त्यांच्या ओळखीनंच एका अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, खजुराच्या बागेत आम्हाला बसायला मिळायचं. बाबांची गाडी दिसली की दाऊदभाई लांबूनच ओरडायचे, "काय वो साहेब, आज विलायतेत खय?" बाबाही गंभीरपणे उत्तर द्यायचे, "आज कालव्यातली होडी, दाऊदभाई." "मग बर्फ जास्ती घेवा, होडीत गरम होतंय," असं म्हणून ते एक तुकडा फुकट टाकायचे. बागेत एक दगडी पाट वाहायचा, त्याला तिथे फलज म्हणतात. डोंगराचं पाणी उतारानं आणून झाडांना वाटून देतात. त्याच्या काठाला चटई. डब्यात पोळ्या, घट्ट पिठलं, तेलात परतलेला ठेचा, उकडलेली अंडी, आणि वाटेत घेतलेला गरम खुबूस, म्हणजे तिथली भट्टीतली रोटी, कारण बाबांना ठेच्याबरोबर खुबूसच लागायचा. जेवणाआधी बाबा वही उघडून उभे राहायचे, हातात झावळीची काडी. "तुमच्या डाव्या हाताला पाहा, तीनशे वर्षांपूर्वीचा दरवाजा." डाव्या हाताला शेळी असायची. पण आम्ही बघायचो, शप्पथ. मला तो दरवाजा अजून दिसतो, शेळी मात्र नीट आठवत नाही.

आई वर्धेकडच्या खेड्यातली. चौथीपर्यंत शिकलेली, ती मराठीतून, आणि इंग्रजी अक्षराशी तिचा काही संबंध नाही. लग्नानंतर बाबांबरोबर आली ती थेट या वाळवंटात. हवेल्या आणि चर्चेस ती पदरानं वारा घेत नुसती पाहायची. पण एका शुक्रवारी पान उलटलं आणि पाणचक्की निघाली. लिटल मार्डन नावाच्या गावची. दगडी इमारत, बाजूला हिरवं शेवाळलेलं भलं मोठं लाकडी चाक, आत जात्याच्या प्रचंड तळ्या, पिठाचे पांढरे लोट, आणि बाहेर पाण्याच्या काठाला टेबलं मांडून बायका केक खात बसलेल्या. आईनं काडी बाबांच्या हातातून काढून घेतली. "थांबा जी. हे काय आहे?" बाबांनी सांगितलं, पाण्याच्या जोरावर जातं फिरतं, हात लावायला लागत नाही, आपल्या औरंगाबादेत आहे तशी. "औरंगाबादेतली तरी मले कुठं दाखवली तुमी," ती म्हणाली आणि पुन्हा चित्रात शिरली. "म्हंजे पाणी दळते, न् बाया बसून खातेत?" बाबा म्हणाले, हो. आईनं काडीचं टोक चित्रातल्या जात्यावर टेकवलं. सातव्या वर्षापासून ती जात्यावर बसलेली. पहाटेच्या अंधारात, घरचं आणि दुसऱ्यांचंही दळण. तिच्या उजव्या तळव्याला खुंट्याचा घट्टा होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. मग ती म्हणाली, "मले तो देश पाह्याचा आहे."

त्या दिवशी परत येताना गाडीत ती गुणगुणत होती. जात्यावरचीच चाल, पण शब्द नवे, तिचे स्वतःचे:

पानी फिरवे जातं, बाई माझे हात मोकळे,
काठावर बसून पाहीन, पीठ पडते पांढरे.

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांनी ठरवलं असणार. त्याआधी इंग्लंड हा आमचा खेळ होता, त्या दिवसापासून ते जायचं ठिकाण झालं. आईसाठी त्यांनी आयुष्यात दुसरं काही मोठं ठरवल्याचं मला आठवत नाही. तिनंही दुसरं काही मागितलं नाही.

मग तयारी. दर शुक्रवारी जेवणानंतर तिकीटघराची तालीम. मी गाडीत बसून काच खाली करायची, मी म्हणजे तिकीटवाली. आई पदर खोचून, पर्स काखेत धरून यायची आणि म्हणायची, "टू अ‍ॅडल्ट्स, वन चाईल्ड, प्लीज." त्यावर मी म्हणायचं, "वेलकम, मॅडम. धिस वे, प्लीज," आणि हातानं आतली दिशा दाखवायची. बाबांनी बसवलेले संवाद होते हे. आई ते वाक्य भांडी घासताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची, वंदना झाल्यावर मेणबत्ती फुंकायच्या आधी एकदा म्हणायची. सुरुवातीला मलाही गंमत वाटायची. पण मी पंधराची होते, आणि आमच्या शाळेतल्या मुली आपसांत फाडफाड इंग्रजी झाडायच्या. एकदा वर्गातल्या मुलीची गाडी शेजारी येऊन थांबली आणि आई नेमकी खिडकीशी येऊन उभी. मी काच वर केली. आई बाहेर तशीच हसत उभी, पर्स काखेत. तिला वाटलं हाही तालमीचाच भाग आहे. ती म्हणाली, "बंद झालं काय तिकीटघर? बरं बाई, थांबतो आमी." आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

आणि आता ते सांगते, जे सांगायला मी एवढं दळण दळते आहे. भूगोलाच्या तासाला एकदा सहज खुणेची पट्टी हातात घेऊन वाचली. "ईस्टर ते सप्टेंबर, रोज खुलं," आणि पुढे साल. ते साल माझ्या जन्माच्या आधीचं होतं, चांगलं तीस वर्षं आधीचं. घरी येऊन सगळ्या पट्ट्या काढल्या. अकरा होत्या. कुठे माझ्या जन्माच्या अठ्ठावीस वर्षं आधी, कुठे बत्तीस, आणि पाणचक्कीची तर सगळ्यात जुनी. म्हणजे बाबा आम्हाला दर शुक्रवारी हिंडवत होते ते इंग्लंड साहेबांच्या लहानपणचं होतं. ते अजून तिथे असेल की नाही, कुणास ठाऊक. मी मूर्ख नव्हते, मला तेवढं कळलं. त्याच आठवड्यात बाबांनी व्हिसाचे फॉर्म आणले होते आणि मी शाळेत सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते की या सुटीत आम्ही इंग्लंडला चाललोय. सांगितलं असतं तर बाबांनी सगळं पुन्हा तपासायला घेतलं असतं, वर्ष गेलं असतं, आणि मी तोंडघशी पडले असते. शिवाय मनात म्हटलं, असेल की, इंग्लंडात कुठे काय बदलतं? पट्ट्या परत पुस्तकात घातल्या आणि पुस्तक मिटलं. बस, एवढंच केलं मी.

बाबांनी फॉर्मला जोडायला प्रवासाचा नकाशा काढला. दोन महिने खपत होते. ट्रेसिंग पेपरवर, शाईत, प्रमाण घालून, उत्तरेचा बाण काढून. सात दिवस, सात सहली, प्रत्येक दिवसाची रेघ वेगळ्या रंगाची. पाणचक्कीपाशी इवलं चाक काढलेलं, त्याची पातीदेखील मोजून बारा. राहण्याचा पत्ता म्हणून चक्कीजवळच्या एका बाईच्या खाणावळवजा घराचा, तोही पत्रकातलाच. त्या पत्त्यावर त्यांनी दोन पत्रं टाकली होती. उत्तर आलं नाही. "मोसमात गडबड असते त्यांची," बाबा म्हणाले. दाऊदभाईंना नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी दाढी खाजवली. "साहेब, कोण माणूस हाय का तुमचा तिकडे? कागदाचा काय खरा! माझा भाचा हाय बर्मिंगहॅमला, त्याला सांगतो, जाऊन बघून येल." बाबा घाईनं म्हणाले, "नको नको, उगाच कशाला त्रास." ऑफिसातल्या एखाद्या गोऱ्या साहेबाला विचारा, असं मीही म्हटलं होतं, तेवढीच मनाची टोचणी कमी. तर म्हणाले, "आपण कुणापुढे हात पसरायचा नाही वैशू. माहितीसाठीसुद्धा नाही." त्यांचे आजोबा गावात पाटलाच्या ओसरीखाली उभे राहून चिठ्ठी वाचून मागायचे. दिवस दिवस उभे. बाबांनी लिहायला-वाचायला शिकून ते उभं राहणं संपवलं होतं. त्यांना पुन्हा कुणाच्या दारात विचारायला जायचं नव्हतं, आणि हे आमच्यासारख्याच घरातलं माणूस समजू शकेल.

वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीच्या दिवशी आईनं पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली, ती फक्त बुद्धपौर्णिमेला निघायची. खिडकीमागचा अधिकारी तरणा होता, नाक उन्हानं सोललेलं, बोलणं अगदी मऊ. त्यानं विचारलं, कोण कोण जाणार. बाबा तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली आणि म्हणाली, "टू अ‍ॅडल्ट्स, वन चाईल्ड, प्लीज." खणखणीत! एकही अक्षर न अडखळता. तो मनापासून हसला, "व्हेरी गुड, मॅडम," म्हणाला, आणि आईनं माझ्याकडे जे पाहिलं ना, ते मी कुठल्या शब्दांत सांगू? शाळेत पहिलं बक्षीस घेऊन पोर आईकडे पाहतं तसं, फक्त इथे ती आई होती आणि मी तिची पोर. मग बाबांनी नकाशा उलगडला. अधिकाऱ्यानं तो निरखला, राहण्याचा पत्ता वाचला, कपाळाला आठी घातली आणि आत जाऊन एका वयस्कर साहेबाला घेऊन आला. "हे त्या भागातले आहेत," म्हणाला.

त्या म्हाताऱ्या साहेबानं चष्मा लावून नकाशावर बोट फिरवलं. आधी कौतुकानं, मग सावकाश. तो म्हणाला, या बाईंचं घर पाडून तिथून मोठा रस्ता गेलाय, बरीच वर्षं झाली. ही रेल्वे बंद झाली, रूळसुद्धा उखडलेत. उदमांजरांचं तळं बुजवलं. आणि चक्की... तो थोडा हसला, वाईट मनानं नाही, आठवण आली म्हणून. चक्की जळाली, मी शाळेत होतो तेव्हा. आम्ही मुलं धूर बघायला सायकलवरून गेलो होतो. बाबांनी विचारलं, "ऑल ऑफ देम, सर?" तो म्हणाला, बहुतेक सगळ्याच. हवेली तेवढी आहे. मग त्यानं आमच्या अर्जावर सभ्यपणे नाही म्हटलं. राहायचा पत्ताच अस्तित्वात नसेल तर तो तरी काय करणार? नीट पत्ता घेऊन पुन्हा या, म्हणाला. जाता जाता नकाशा परत देताना म्हणाला, काम मात्र फार सुंदर आहे. बाबांनी "थँक यू, सर" म्हटलं आणि नकाशाची गुंडाळी करू लागले. पण ती त्यांच्याकडून नीट होईना. टोकं पुढेमागे व्हायची. तीस हजार गुंडाळ्या केलेला माणूस तो.

आई आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. मग माझा हात धरून तिनं विचारलं, "काय म्हणते वं तो? चक्कीचं काय म्हणते?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पाणचक्की सध्या बंद आहे म्हणतो. दुरुस्तीला काढलीये."

"हात्तिच्या!" आई म्हणाली. "मंग उघडल्यावर जाऊ ना. त्यात काय एवढं? यंत्र आहे, बिघडतेच." आणि बाबांच्या बाहीवरची नसलेली धूळ झटकत म्हणाली, "तोंड काय पाडता लहान पोरासारखं. चला जी."

घरी जाताना आई बेकरीत खुबूस घ्यायला उतरली. बाबांनी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. "मीच कापली," ते म्हणाले. "दर कापायच्या नादात सालं कापली मी वैशू. एवढी वर्षं नकाशे काढतोय, तारीख न बघता कुणी नकाशा वापरतं का? एक पट्टी जरी हाती लागली असती, एकच, तरी कळलं असतं." मी शाळेतून परस्पर आले होते, माझ्या दप्तरात भूगोलाचं पुस्तक होतं. पुस्तकात अकरा पट्ट्या होत्या. मी म्हटलं, "बाबा." ते म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही. आई आली."

शुक्रवार संपले. म्हणजे कॅलेंडरवर येत राहिले, पण आम्ही भाजी आणायला जायचो, कपडे धुवायचो. एकदा मासळीसाठी बरक्याला थांबलो तेव्हा दाऊदभाईंनी सवयीनं हाक मारली, "काय वो साहेब, विलायत?" बाबा म्हणाले, "बंद आहे दाऊदभाई. दुरुस्तीला काढलीये." माझ्याकडे न बघता म्हणाले. माझं खोटं त्यांनी उचललं आणि पुढे आयुष्यभर वापरलं, आणि आम्ही दोघं त्याविषयी एक शब्द कधी बोललो नाही. आईचं इंग्रजीही त्याच दिवशी थांबलं. कुणी विचारलं तर म्हणायची, आता चक्की उघडायच्या वेळेला पुन्हा काढीन, उगाच रोज वापरून झिजवायचं कशाला. आणि बाबांना एक सवय जडली. ते प्रत्येक गोष्टीवर तारीख घालू लागले. लोणच्याच्या बरणीवर, मसाल्याच्या पुड्यांवर, वह्यांच्या पहिल्या पानावर, बल्ब बदलला तर बल्बच्या बुडावर, त्या सुरेख तिरप्या आकड्यांत. लोकांना ते टापटिपीचं वाटायचं. मला प्रत्येक तारीख बरोबर छातीत लागायची.

त्यांनी पुन्हा अर्ज केला नाही. निवृत्त होऊन दोघं नागपूरला गेली, आणि तिथेच बाबा गेले. उशाशी औषधांच्या बाटल्या होत्या, सगळ्यांवर फोडल्याची तारीख. मी मस्कतहून पोचले तेव्हा ते शुद्धीत होते, दीड दिवस होते. दीड दिवस मला सांगायला पुरला असता की बाबा, तुमची चूक नव्हती, पट्ट्या माझ्याकडे होत्या, मी वाचल्या होत्या, तुम्हाला थांबवू शकत होते. मी त्यांना पाणी पाजलं, पाय चेपले, इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगितल्या. माझ्यासारखी भित्री बाई जगात दुसरी नसेल. ते गेल्यावर वही मी घेऊन आले आणि त्या अकरा पट्ट्या आपापल्या चित्राखाली चिकटवल्या. कडेला कड अशी बसली की सांधा दिसत नाही. इतकं सरळ कापलं होतं त्यांनी.

आता मी साठीला टेकले आहे. शिक्षिकेची नोकरी संपवून मुलाकडे ओमानातच सोहारला राहते, तो औद्योगिक वसाहतीत इंजिनीअर आहे. त्याचे मित्र दर उन्हाळ्यात इंग्लंडला जाऊन येतात, हवेल्यांपुढचे फोटो फोनवर पाठवतात. तो दरवर्षी म्हणतो, "आई, चल ना, तिकीट काढतो." मी गुडघ्याचं निमित्त सांगते. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

बाबांच्या मागे आईही इथेच माझ्याजवळ होती, चार वर्षं. वर्षाकाठी एकदा तरी, दळणाचा डबा आला की किंवा टीव्हीवर कुठे वाहतं पाणी दिसलं की, विचारायची, "उघडली काय वं ते पाणचक्की?" मी म्हणायची, "अजून नाही गं." ती म्हणायची, "लई बिघडलेली दिसते." बास, एवढंच. त्यात तक्रार नसायची, हेच तर सोसायचं नाही. शेवटी ती सोहारच्या इस्पितळात होती. वार कोणता होता आठवत नाही, शुक्रवार असता तर बरं झालं असतं. दुपार होती, खिडकीच्या पडद्यावर ऊन पडलं होतं. दोन दिवस ती बोललीच नव्हती. मी तिचा उजवा हात हातात घेऊन, तळव्यावरच्या घट्ट्यावरून अंगठा फिरवत बसले होते. तिनं डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ विचारलं, "वैशू, उघडली काय वं?"

मी म्हटलं, "उघडली, आई. आजच उघडली."

तिनं डाव्या हातानं चादर चाचपली. काय शोधते आहे ते मला आधी कळलं नाही, मग कळलं. मी माझी पर्स तिच्या काखेशी ठेवली. तिनं ती धरली, मान जराशी उचलली, आणि इतक्या वर्षांत एकदाही न वापरलेलं ते वाक्य बाहेर काढलं.

"टू अ‍ॅडल्ट्स," ती म्हणाली. दम लागला. थांबली. "वन चाईल्ड. प्लीज."

मी खुर्चीवरून उठले. डोळे पुसले नाहीत, तेवढा वेळ नव्हता, ती तिकीटघराच्या खिडकीशी उभी होती. मी हातानं आतली दिशा दाखवली आणि म्हटलं, "वेलकम, मॅडम. धिस वे, प्लीज."